दहापैकी चार

ताईला पैकीच्या पैकी मार्क द्यायची सवय नव्हती. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तिनं ३१ वर्षं गणित शिकवलं. तिच्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळवलेले विद्यार्थी आता पन्नाशीला आलेत, तरी भेटले की आधी ते सांगतात आणि मग स्वतःचं नाव. बोर्ड वाटेल तेवढे देवो, ताई अर्धा मार्क कापायचीच. एकक लिहिलं नाही म्हणून, नाहीतर समास सोडला नाही म्हणून.

शेवटच्या आजारपणात तिला दिवसातून चार वेळा मार्क द्यायला सांगत. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आजी, आत्ता किती?

ताई म्हणायची, चार.

स्तनाचा कॅन्सर नऊ वर्षांनी परत आला होता आणि या वेळी मणक्यांत उतरला होता. छातीवर जखम फुटलेली. कॅन्सरच्या डॉक्टरांनी केमो थांबवताना चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता पॅलिएटिव्हचं बघा." पॅलिएटिव्ह म्हणजे रोग बरा करायचा नाही, त्रास हलका करायचा. पण बघा म्हणजे काय बघा, कुठे बघा, ते काही सांगितलं नाही. भाऊजी जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा न्यू जर्सीत. तेव्हा बघायचं ते मलाच. मी बँकेत होते, आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं तपासणी खात्यात काढली. महाराष्ट्रभरच्या शाखांची इन्स्पेक्शन. म्हटलं, हे काम आपल्याला येतं.

एक्सेल शीट केली. खोली, घरापासून अंतर, दिवसाचा खर्च, डॉक्टर किती वेळा येतात, एका नर्सकडे किती पेशंट, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का. सतरा रकाने. प्रत्येकाला वजन दिलं आणि शेवटी बेरीज.

भाचा व्हिडिओ कॉलवर एका संस्थेबद्दल म्हणाला, "मावशी, गूगलवर त्यांचं रेटिंग ४.७ आहे." मी ती मतं वाचत बसले. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं की पार्किंग प्रशस्त आहे. दुसऱ्यानं एकच तारा, कारण वडील वाचले नाहीत. या धंद्यात ज्याला सेवा मिळाली तो कधी मत नोंदवायला येत नाही. येतात ते मागे राहिलेले, आणि ते एकतर कृतज्ञतेनं भारावलेले असतात नाहीतर रागानं.

मग त्यानं तिकडची पद्धत सांगितली. अमेरिकेत हॉस्पिसचा, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दिवसांतल्या सेवेचा, खर्च बहुतेक वेळा मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते. माणूस गेल्यानंतर काही आठवड्यांनी घरच्यांना एक प्रश्नावली येते, आणि तिच्या उत्तरांवरून प्रत्येक संस्थेला तारे मिळून ते सरकारी संकेतस्थळावर लागतात. प्रश्नांची यादी त्यानं पाठवली. खोलीबद्दल त्यात काही नव्हतं. मागितली तेव्हा मदत वेळेवर आली का? संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी आली का? दुखणं कमी करायला पुरेसं केलं का? औषधांचे काय त्रास होतील, हे तुम्हाला सांगितलं होतं का? मी वाचलं आणि म्हटलं, हे तिकडचं. आपल्याकडे आधी गादी बघावी लागते. माझ्या सतरा रकान्यांत मी एकही वाढवला नाही, हे कबूल करायला हवं.

हॉस्पिस हा आपल्याकडे तसा नवाच प्रकार. सिसिली साँडर्स नावाच्या बाई आधी नर्स झाल्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर, आणि १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स काढलं. आजची हॉस्पिसची कल्पना तिथून आली. आपल्याकडचं पहिलं वांद्र्याचं शांती अवेदना, १९८६ चं. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. ५० खाटा, सगळं मोफत, आणि सोबत घरचं माणूस राहायला हवं. पुण्यात मात्र त्याला कुणी हॉस्पिस म्हणत नाही, "ते वारज्याचं कॅन्सरचं" म्हणतात, आवाज जरा खाली आणून. मृत्यू किती बरा होतो याची एक जागतिक यादी इकॉनॉमिस्टवाल्यांनी केली होती. २०१० साली त्यात ४० देश होते आणि आपण चाळिसावे. २०१५ साली ८० देशांत ६७वे. ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "प्रगती आहे. पण वर्गोन्नत म्हणून ढकलावं लागेल."

आम्ही दोन ठिकाणी राहिलो. दोन्हींची नावं मी लिहिणार नाही, वाईटाचंही नाही आणि चांगल्याचंही नाही. नाव मिळालं की माणूस तपासायचं सोडतो, हे मी अकरा वर्षं पाहिलंय.

पहिलं ठिकाण माझ्या शीटवर १०० पैकी ८१ घेऊन आलं. शहराच्या कडेला बंगला, समोर हिरवळ, रिसेप्शनला ऑर्किड. ५०,००० रुपये डिपॉझिट. पाटीवर "पॅलिएटिव्ह केअर" मोठ्या अक्षरांत. मी सकाळी अकराला बघायला गेले होते, आधी फोन करून. आता हे लिहिताना कानकोंडं व्हायला होतं. आयुष्यभर मी शाखेत न कळवता जायचे, सकाळी कॅश उघडायच्या आत, कारण कळवलेल्या इन्स्पेक्शनला प्रत्येक शाखा चकचकीत असते. आणि आत गेल्यावर पहिल्यांदा मागायचे ते सस्पेन्स खातं. ज्या नोंदींचं धनी कुणी नाही त्या तिथे पडून असतात; शाखेची खरी तब्येत त्या खात्यात कळते. इथे मात्र मी मॅनेजरच्या मागून हिंडले आणि पडद्यांचं कौतुक करून आले.

तिथलं सस्पेन्स खातं म्हणजे रात्र. ते ब्यूरोच्या बाईकडून कळलं. ताईसाठी बारा तासांची बाई मी वेगळी लावली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती मला जिन्यातच गाठून म्हणाली, "ताई, दीड वाजल्यापास्नं त्या कण्हत होत्या. बेल दोनदा वाजवली. शिस्टर आली, म्हणली इंजेक्शन दहाला झालंय, आता सहाला. डॉक्टर साडेनऊला येतील." साडेनऊला डॉक्टर आले. किती दुखतंय आजी? चार. "गुड, गुड," म्हणत त्यांनी तसं लिहिलं आणि पुढच्या खोलीत गेले.

मी मॅनेजरला विचारलं, मॉर्फिन का नाही देत? तो म्हणाला, "मॅडम, आम्ही तेवढ्या टोकाला जात नाही." नंतर कळलं की जाऊच शकत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी घालून दिली: साध्या गोळ्या, मग ट्रामाडॉलसारख्या मधल्या, मग मॉर्फिन. मॉर्फिन अफूचं, म्हणून १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अडकलेलं. एकेका गोळीसाठी इतके परवाने लागायचे की बहुतेक रुग्णालयांनी ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एक मान्यता घेतली की संस्था मॉर्फिन ठेवू शकते. या बंगल्यानं ती घेतली नव्हती. पाटी तिसऱ्या पायरीची आणि कपाटात दुसरीपर्यंतच माल. माझ्या सतरा रकान्यांत हा प्रश्न नव्हता.

नवव्या दिवशी आम्ही तिथून निघालो. डिपॉझिट परत मिळायला दोन महिने लागले. तो पत्रव्यवहार मी मन लावून केला.

दुसऱ्या ठिकाणाला माझ्या शीटवर ५८ होते. धर्मादाय संस्था, जुनी दुमजली इमारत, बाहेर पत्र्याची शेड. फोन सातव्यांदा उचलला गेला. चहा म्हणजे साखरेचं गरम पाणी. कॉरिडॉरमधला ट्यूबलाइट रात्रभर चालू, आणि तो नेमका चार नंबरच्या पलंगावर तोंडावर. ताईला मिळाला तो चार नंबर.

या वेळी मी रात्री नऊला गेले, न सांगता. वॉचमननं हटकलं, मग आत सोडलं. पाळी बदलत होती. एका छोट्या खोलीत लोखंडी कपाटापुढे दोन सिस्टर उभ्या होत्या. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोघींकडे एकेक. एकीनं स्ट्रिप मोजल्या, दुसरीनं वहीतली शिल्लक वाचली, आकडा जुळला, दोघींनी सह्या केल्या. मी दारात उभी राहून बघत होते. जॉइंट कस्टडी! बँकेची तिजोरी कॅशियर आणि ऑफिसर अशीच उघडतात. मॉर्फिनची गोळी न गोळी त्या वहीत होती: सुरुवातीची शिल्लक, कुणाला किती, अखेरची शिल्लक. खाडाखोड होती तिथे आडवी रेघ आणि सही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला कुठेतरी बसावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईला तिथे हलवलं. डॉक्टर मुलगी होती, पस्तिशीची. खुर्ची ओढून बसली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

ताईला आजी म्हटलेलं खपत नसे. नातू एकच, आणि तोही ग्रँडमा म्हणणारा. ती म्हणाली, "बाई म्हणा." डॉक्टरीणबाईंनी फाइलच्या पहिल्या पानावर वर लिहिलं: बाई म्हणावे. दुपारी फरशी पुसायला आलेल्या मामांनीही "बाई, पाय वर घ्या" म्हटलं, तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की ती असंच पाहत असणार.

मॉर्फिन म्हटल्यावर ताई थोडी बिचकली. "म्हणजे संपलंच का?" डॉक्टरनं घड्याळ काढून गणित मांडलं. गोळीचा परिणाम साधारण चार तास. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवावं लागत नाही. मध्येच दुखलं तर जादा गोळी, ती सिस्टरच देईल, डॉक्टरला विचारायची वाट बघणार नाही, तसं लिहून ठेवलंय. दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही आणि ते लवकर मारतही नाही. पहिले दोनचार दिवस गुंगी येईल, मळमळेल, मग जाईल. बद्धकोष्ठ मात्र जाणार नाही, म्हणून जुलाबाचं औषध आजपासूनच. हे शेवटचं वाक्य मी वहीत टिपून ठेवलं. आज कुणी मला विचारलं की एखादी जागा पारखायची कशी, तर मी विचारते, मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध त्याच दिवशी लिहिलं का? नसेल लिहिलं, तर त्यांनी मॉर्फिन पुस्तकात वाचलंय.

दुसऱ्या रात्री मी सोबतीला होते. सोलापूरकडची एक सिस्टर होती, बुटकी, भरभर चालणारी. दहाच्या गोळ्या देताना तिनं विचारलं, "बाई, किती?"

"चार."

ती निघाली, दोन पावलं गेली आणि परत आली. "काल रात्री कुशीवर वळलात का?"

"नाही."

"झोप?"

"दोन तास असेल."

"शेजारच्या आजींशी बोललात आज?"

"नाही बोलवलं."

"मग चार कसे हो?"

ताई तिला समजावू लागली, फळ्यापुढे उभी असल्यासारखी. "हे बघ, दहा म्हणजे परमावधी. ती अजून आलेली नाही. यायची आहे. आत्ताच सात देऊन टाकले तर पुढं मी काय देऊ?"

सिस्टर काही बोलली नाही. पुरवणीची जादा गोळी आणून दिली, अर्ध्या तासानं येऊन पुन्हा विचारलं, आणि सकाळी डॉक्टरनं मात्रा वाढवली. चार्टवर वेदनेच्या रकान्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं मी पाहिलं: "बाईंचा ४ = आपला ७." ताईला वाचून दाखवलं. पुष्कळ दिवसांनी ती हसली, जखम दुखेल म्हणून हात छातीशी धरून. म्हणाली, "रूपांतर बरोबर आहे. एकक लिहिलं नाही."

त्यानंतर तिथला कोणीही ताईचे मार्क जसेच्या तसे उतरवून घेत नसे. पहिल्या ठिकाणीही प्रश्न तोच होता आणि उत्तरही तेच. आकडा रकान्यात नीट भरलेला. मी तपासायला गेले असते तर त्या रकान्यावर टिक मारून पुढे गेले असते.

जखमेबद्दल लिहायचं की नाही, मी दोन दिवस ठरवत होते. ताईला दुखण्यापेक्षा वासाची लाज वाटायची. घरी असताना ती सतत उदबत्ती लावून ठेवायला सांगे. त्या चंदनाच्या वासानं मला अजून पोटात ढवळतं. बंगल्यात रूम फ्रेशनर मारत. इथे सिस्टरनं मेट्रोनिडॅझोलच्या साध्या गोळ्या घेतल्या, दोन चमच्यांत चिरडून पीठ केलं, जखम मिठाच्या पाण्यानं धुतली आणि ते पीठ दाण्याचं कूट भुरभुरावं तसं जखमेवर पसरलं. हवा न लागणारे जंतू आत वाढतात, वास त्यांचा. ते मेले की वास जातो, असं हात चालू ठेवून ती सांगत होती. गोळ्या अगदी स्वस्त. चौथ्या दिवशी ताईनं शेजारणीला स्वतःच्या पलंगावर बसायला बोलावलं.

नंतर पालख्या आल्या. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि निम्मे रस्ते बंद. मला त्या दिवशी घरातून निघताच आलं नाही. फोनवर फोन केले. तिसऱ्या फोनला उत्तर आलं, "मॅडम, सगळं ठीक आहे, उद्या या." हे वाक्य मी शाखांमधून इतक्या वेळा ऐकलंय की माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी गेले, तर ताईचे केस धुतलेले, तेल लावलेले, आणि बारीकशी वेणी. तिथल्या मावशींनी दुपारी उशी काढून, डोक्याखाली प्लास्टिकचा कागद धरून तांब्या-तांब्यानं केस धुतले होते. कुणी सांगितलं नव्हतं, बघायलाही कुणी येणार नव्हतं. नखंही कापलेली. पाण्याचं भांडं हाताला लागेल असं, बेलची दोरी उशीला सेफ्टी पिननं अडकवलेली. (भाचा मलाही मावशी म्हणतो आणि त्यांनाही. फोनवर "मावशीला थँक्यू सांग" म्हणाला, तेव्हा मी पटकन "अरे, त्यात काय" म्हटलं. त्यानं दुरुस्त केलं नाही, गुणी आहे.)

एक कागद मात्र ताईनं आधीच करून ठेवला होता, तो उपयोगी पडला. व्हेंटिलेटर नको, नळ्या नको. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. बंगल्यात हा कागद दाखवला तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "ठीक आहे, पण काही झालं तर आम्ही अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो." इथे डॉक्टरनं तो ताईच्या समोर मोठ्यानं वाचला, हेच हवंय ना असं विचारलं, आणि त्याची झेरॉक्स फाइलमध्ये "बाई म्हणावे"च्या मागे लावली. मला बाहेर बोलावून सांगितलं, शेवटी श्वासाला घरघर लागेल. तो आवाज तुम्हाला ऐकवणार नाही, त्यांना मात्र त्याचा त्रास होत नसेल. घाबरून कुठे हलवायला निघू नका. बेल वाजवा, आम्ही येऊ.

तेरा दिवसांनी तसंच झालं. पहाटे पावणेचारला बेल वाजवली. आले ते पळत नव्हते. एक इंजेक्शन दिलं, कुशीवर वळवलं, तोंड ओल्या कापसानं पुसलं, आणि सिस्टर ताईचा हात धरून बसली, दुसरा मी. साडेपाचला संपलं. कुणी मॉनिटर लावला नव्हता, त्यामुळे बीप वगैरे काही नाही. सिस्टर हलकेच म्हणाली, "बाई गेल्या." मृत्यूच्या कारणाचा दाखला तासाभरात तयार होता. घरी माणूस गेलं की या कागदासाठी भल्या पहाटे डॉक्टर शोधत हिंडलेल्यांना विचारा, त्याची किंमत काय असते. वैकुंठ स्मशानभूमीत साडेनऊला सगळं आटोपलं.

महिन्याभरानं संस्थेतल्या समाजसेविकेचा फोन आला. झोप लागते का, जेवता का, असं विचारलं. मग म्हणाली, "आमचा एक फॉर्म आहे, भरून द्याल का? नाही भरला तरी चालेल." मीच जाऊन घेतला, कारण शिल्लक राहिलेल्या अ‍ॅडल्ट डायपरची दोन पाकिटं आणि एअर बेड तिथे द्यायचा होता. एकच पान. सात प्रश्न, आणि शेवटी, एकूण सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

बाकावर बसून मी बराच वेळ पेन हातात धरून होते. माझ्या मनात दहा होते. पण या पानावर मार्क ताईच्या वतीनं द्यायचे होते. चहा आठवला, सहा वेळा न उचललेला फोन आठवला. आठ लिहिले. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, "बाईंच्या मापानं. रूपांतर करून घ्यावे."

खाली सूचनांसाठी तीन ओळी होत्या. त्यात लिहिलं: कॉरिडॉरमधला ट्यूबलाइट रात्री चार नंबरच्या पलंगावर तोंडावर येतो. तो तेवढा हलवावा.